वापरलेली बास गिटार, पेडल आणि अँप : घेताना आणि विकताना

तियात्राच्या रंगमंचासमोर बसणाऱ्या वाद्यवृंदात ट्रंपेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड आणि ड्रम यांच्या सोबतीला बास गिटार असतेच. लग्नसमारंभातील बँड, फेस्ताची संध्याकाळ, किनारपट्टीवरील हॉटेले, ऑर्केस्ट्रा, चर्चचे गायनवृंद अशा अनेक ठिकाणी या वाद्याला काम आहे. मात्र चांगल्या प्रतीची नवी बास गिटार, तिचे अँप आणि दोन-तीन पेडल एकदम घेणे नवोदित वादकाच्या खिशाला परवडत नाही. त्यामुळे हे सामान हातोहात फिरत राहते. एका वादकाने दहा वर्षे वापरलेले वाद्य दुसरा घेतो आणि त्याच्याकडून तिसरा. या व्यवहारात कोणतीही हमी नसते, पावती बहुधा हरवलेली असते आणि वाद्याचे खरे दोष पहिल्या दहा मिनिटांत कानाला जाणवत नाहीत. म्हणूनच काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे आधी ठाऊक असलेले बरे.

गोव्यात अशा सामानाचा साठा कसा जमला, याचा माग आयात निर्बंधांच्या काळापर्यंत जातो. १९९१पूर्वी परदेशी विद्युत वाद्ये रीतसर आयात करणे सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. बोटीवर काम करणारे तारवटी, आखातात नोकरीला गेलेले गोमंतकीय आणि मुंबईच्या चित्रपट संगीतात वाजवणारे वादक यांच्या सामानातून फेंडर, यामाहा, आयबानेझ अशी नावे येथील घरांत पोहोचली. देशी बनावटीत कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या वाद्यांवर कित्येकांची बोटे तयार झाली. आजही एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर अशी गिटार निघते आणि घरच्यांना ती भंगार वाटते. कधी ती खरोखरच भंगार असते, कधी नसते. तो फरक ओळखण्यासाठी थोडा इतिहास माहीत हवा.

लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास १९५१मध्ये बाजारात आणली. फ्रेट बसवलेली, घन लाकडाची, ३४ इंच तारलांबीची ही गिटार पुढे या वाद्याचा मापदंड ठरली. १९६०मध्ये जाझ बास आली. १९६५च्या आरंभी फेंडर कंपनी सीबीएसने विकत घेतली, आणि संग्राहक त्यापूर्वीच्या वाद्यांना वेगळा भाव देतात तो या कारणाने. १९८२मध्ये स्क्वायर हे स्वस्त मालिकेचे नाव सुरू झाले. नंतर मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे कारखाना उभा राहिला. म्युझिक मॅनची स्टिंगरे १९७६ची. तिच्या पोटात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रिअँप होता आणि तेव्हापासून ‘अॅक्टिव्ह’ बास हा शब्द रूढ होत गेला.

विकणारा ‘ही अमेरिकन आहे’ असे सांगतो तेव्हा हेडस्टॉकवरील वा नेकच्या पाठीमागील क्रमांक वाचावा. फेंडरच्या बाबतीत ‘एमएन’, ‘एमझेड’ किंवा ‘एमएक्स’ने सुरू होणारे क्रमांक मेक्सिकोचे, तर ‘यूएस’ने सुरू होणारे अमेरिकेचे. ‘एमएन’नंतर ५ असल्यास ते साधारण १९९५चे वाद्य समजावे. जुन्या फेंडरमध्ये क्रमांक पाठीवरील धातूच्या पट्टीवर असे, आणि पट्टी म्हणजे चार स्क्रूंचे काम. ती एका वाद्यावरून दुसऱ्यावर सहज जाते. म्हणून महागड्या व्यवहारात नेक उतरवून तिच्या टोकाशी असलेला शिक्का किंवा पेन्सिलने लिहिलेली तारीख पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने नकार दिल्यास भावही त्यानुसार द्यावा.

नेक आधी, रंग नंतर

बास गिटारमध्ये सर्वांत महाग पडणारा दोष नेकमध्ये असतो. चार जाड तारांचा ताण ती वर्षानुवर्षे सोसते, आणि गोव्याचा पावसाळा त्यात भर घालतो. तपासणी सोपी आहे. गिटार सुरात लावून सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबावी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट दिसावी. फट फार मोठी असेल तर नेक पुढे वाकली आहे, अजिबात नसेल तर मागे. हे दोन्ही दोष नेकच्या आतील ट्रस रॉडने दुरुस्त होऊ शकतात. प्रश्न असतो तो रॉडमध्ये अजून फिरण्याची जागा शिल्लक आहे की नाही, हा. पाव फेरा फिरवून दाखवण्यास विक्रेत्यास सांगावे. नट पूर्ण आवळला गेला असेल आणि नेक तरीही वाकलेली असेल, तर ते वाद्य केवळ सुट्या भागांच्या किमतीचे आहे.

वाकण्यापेक्षा वाईट म्हणजे पीळ. गिटार डोळ्यासमोर धरून हेडस्टॉककडून ब्रिजकडे नेकच्या दोन्ही कडांवरून नजर टाकली की त्या समांतर आहेत की एक कड उचलली गेली आहे, ते कळते. पीळ पडलेल्या नेकवर ट्रस रॉडचा इलाज चालत नाही.

त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, घाई न करता वाजवावी. कुठे भुणभुण येते, कुठे स्वर मेल्यासारखा लवकर विझतो, याची नोंद करावी. फेंडर पद्धतीच्या बासमध्ये जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा स्वर इतरांपेक्षा लवकर मावळतो. तो त्या बांधणीचा स्वभाव आहे, त्यासाठी सौदा मोडण्याचे कारण नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तेथेच दाबून वाजवलेला स्वर जुळत नसतील, तर ब्रिजवरील सॅडल मागेपुढे करून ते जुळवता येतात. अर्थात सॅडलचे स्क्रू गंजून बसलेले नसतील तरच. समुद्रालगतच्या गावांतून आलेल्या वाद्यांत हे स्क्रू सर्वांत आधी जातात. खिशातील छोटी ॲलन की घेऊन जाणारा ग्राहक पुष्कळ मनस्ताप वाचवतो.

विद्युत भागाची तपासणी अँपला जोडूनच करावी. ‘अँप दुरुस्तीला दिलाय, पण गिटार एकदम चांगली आहे’ हे वाक्य ऐकले की परत फिरावे, किंवा स्वतःचे छोटे अँप सोबत न्यावे. सर्व बटणे टोकापासून टोकापर्यंत फिरवावीत. खरखर आली तर बहुतेक वेळा ती कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी जाते. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर अर्थिंग योग्य आहे. हात लावताच ती वाढली तर आतील जोडणी कुठेतरी तुटली आहे. अॅक्टिव्ह बास असेल तर बॅटरीचे झाकण उघडून पाहावे. वाद्यात केबल अडकवलेली राहिली की बॅटरी उतरत राहते, आणि विसरलेली बॅटरी आत पाझरून संपर्कपट्ट्या खाते.

पेडल

बासच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. पाच तारांच्या बासमध्ये खालची बी तार ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. साध्या गिटारचा सर्वांत खालचा स्वर ८२ हर्ट्झचा. गिटारसाठी बनवलेल्या बऱ्याच डिस्टॉर्शन पेडलांत खालचे स्वर मुद्दाम छाटले जातात, कारण गिटारमध्ये ते गढूळ वाटतात. असे पेडल बासला जोडले की आवाज मोठा होतो पण पोट नाहीसे होते. दुकानात एकट्याने वाजवताना हे लक्षात येत नाही, ड्रम सुरू झाल्यावर येते. मूळ स्वर आणि बदललेला स्वर यांचे मिश्रण करणारे ‘ब्लेंड’ बटण असलेली बास पेडल म्हणूनच जास्त मागणीत असतात.

काही नावे वापरलेल्या बाजारात पुन्हा पुन्हा येतात. टेक २१चे सॅन्सअँप बास ड्रायव्हर डीआय १९९४पासूनचे. अँपशिवाय थेट ध्वनिव्यवस्थेला जोडता येत असल्याने, जेथे अँप नेणे अवघड तेथे काम करणाऱ्या वादकांचे ते आवडते. बॉसचे ओडीबी-३ खास बाससाठी बनवलेले ओव्हरड्राइव्ह. फिनलंडच्या डार्कग्लास कंपनीची पेडल महाग, पण विकायला काढली की लगेच जातात. आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे बिग मफ. मूळ बिग मफ १९६९च्या सुमाराचे. १९९०च्या दशकात सोव्हटेक या नावाने रशियात बनलेली त्याची हिरवी, रणगाड्यासारखी जड आवृत्ती बासवादकांनी उचलून धरली, कारण तिच्यात खालचे स्वर शाबूत राहत. कंपनीने २०१७मध्ये ती लहान आकारात पुन्हा काढली. जुन्या हिरव्या पेडलसाठी संग्राहक मोजतात ती रक्कम आवाजासाठी नसून रंगासाठी आहे, असे म्हटले तर काहींना राग येईल. पण रोज वाजवणाऱ्याचे काम नव्या आवृत्तीने भागते.

बॉसच्या जुन्या पेडलांबाबत एक गोष्ट जाणून घेतली तर पैसे वाचतात. या कंपनीची छोटी पेडल १९७७मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या अनेक पेडलांवर ‘एसीए’ अॅडॉप्टरचा उल्लेख आहे. तो अॅडॉप्टर आजच्या नियंत्रित ९ व्होल्टपेक्षा जास्त दाब देत असे. असे पेडल आजच्या नेहमीच्या ‘पीएसए’ प्रकारच्या अॅडॉप्टरला जोडले की दिवा मंद लागतो आणि आवाज अशक्त येतो. मालकाला वाटते पेडल बिघडले आणि तो ते कवडीमोलाने काढतो. ग्राहकाने अशा वेळी ९ व्होल्टची ताजी बॅटरी घालून पाहावी. बॅटरीवर दिवा ठळक लागला तर पेडलला काहीही झालेले नाही. तळाला ‘मेड इन जपान’ असेल तर भाव आणखी चढतो. पुढे उत्पादन तैवानला आणि नंतर मलेशियाला गेले.

पेडल तपासायला स्वतःची केबल, स्वतःचा अॅडॉप्टर आणि एक बॅटरी न्यावी. पायाचे बटण निदान वीस वेळा दाबावे. अधूनमधून न लागणारे बटण पुढे मंचावर नेमके सोलोच्या वेळी दगा देते. तळाचे चार स्क्रू काढून आत डोकावणे हा ग्राहकाचा हक्कच समजावा. वीजजोडणीच्या छिद्राजवळ काळपट डाग असेल तर कुणीतरी उलट ध्रुवाचा किंवा जास्त व्होल्टचा अॅडॉप्टर लावला होता. बहुतेक पेडलांत मध्यभागी ऋण ध्रुव असतो, पण सगळ्यांत नाही. हिरवट बुरशी किंवा पांढरी भुकटी दिसली तर दमट हवेने सर्किटवर काम केले आहे. डिजिटल पेडलमध्ये अॅडॉप्टर किती मिलिअँपिअर देतो तेही पाहावे. साध्या ओव्हरड्राइव्हला थोडका प्रवाह पुरतो, पण अनेक इफेक्ट एकत्र असलेल्या यंत्राला कित्येक पटीने जास्त लागतो आणि तो न मिळाल्यास ते मध्येच बंद पडते.

खालचे रबर काढून वेल्क्रो चिकटवलेले असेल तर भाव थोडा उतरतो. आवाजाला त्याने काही होत नाही.

अँप आणि विजेचा दाब

परदेशातून आलेल्या अँपच्या पाठीवरचा व्होल्टचा आकडा वाचल्याशिवाय प्लग घालू नये. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. अमेरिकेतून आणलेले अँप थेट आपल्या भिंतीवरील प्लगला लावले की फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो. काही अँपांना दाब बदलण्याचा स्विच असतो, तो कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरची किंमत आणि वजन व्यवहारात धरावे.

स्पीकर पेटीवरील ओहम हा दुसरा आकडा. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की अँपला ४ ओहमचा भार पडतो. अँप किमान ४ ओहमचे असेल तर ठीक, किमान ८चे असेल तर ते तापून जळते. स्पीकरचा कोन बोटांच्या टोकांनी हलकेच आत दाबून पाहावा. आत खरवडल्यासारखा आवाज आला तर कॉइल घासते आहे. गिटारच्या छोट्या अँपमधून बास वाजवून स्पीकर फाडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. १९६९पासून बनत असलेले अँपेगचे ३०० वॅटचे व्हॉल्व्ह अँप एसव्हीटी पुष्कळांच्या स्वप्नात असते, परंतु त्याचे व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च आणि ते उचलण्यासाठी लागणारे दोन गडी यांचा विचार करूनच त्याच्या वाटेला जावे. हलक्या क्लास डी अँपांनी हा प्रश्न पुष्कळसा सोडवला आहे. त्यांची दुरुस्ती मात्र गावातल्या कारागिराकडे होईलच असे नाही.

भाव आणि हंगाम

सुस्थितीतील, आजही नवे मिळणारे सामान साधारणतः नव्या किमतीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशांपर्यंत जाते, असा बोलाचालीचा अंदाज आहे. पेटी, पावती आणि मूळ अॅडॉप्टर असेल तर वरच्या टोकाकडे. पिकअप बदललेले असतील, लाकूड कोरलेले असेल, नवा रंग दिलेला असेल तर मालकाने त्यावर केलेला खर्च परत मिळत नाही, उलट किंमत घटते. जुने भाग जपून ठेवले असतील आणि ते सोबत दिले तर थोडी भरपाई होते. दुरुस्तीचा अंदाज घेताना फ्रेट बदलणे हे सर्वांत महागडे काम धरावे, तारा आणि साफसफाई सर्वांत स्वस्त.

पावसाळ्यात समारंभ कमी होतात आणि वादकाची मिळकत आटते. विकायला निघालेले सामान त्या महिन्यांत स्वस्त पडते, पण नेक तपासण्यासाठी तेच महिने सर्वांत फसवे. दमट हवेत लाकूड फुगलेले असते. जूनमध्ये सरळ दिसणारी नेक जानेवारीच्या कोरड्या हवेत वेगळी वागू शकते. म्हणून ट्रस रॉडमध्ये दोन्ही दिशांना फिरण्यास जागा आहे ना, हे पावसाळ्यात आणखी काळजीने पाहावे. घरी आणल्यावर गिटार भिंतीला टेकवून न ठेवता केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. कपड्यांच्या कपाटात मिणमिणता बल्ब लावण्याची कोकणातली रीत पेडलांना चालते, लाकडाला एका बाजूने लागणारी ती ऊब मात्र मानवत नाही.

मालकी आणि फसवणूक

चोरीचे वाद्य चांगल्या भावनेने विकत घेतले तरी ते घेणाऱ्याचे होत नाही. १९३०च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम २७चे तत्त्व असे की, विकणाऱ्याची जी मालकी नाही ती तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास कारण असून घेतल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ लागू होते. त्यामुळे साध्या कागदावर का होईना, विक्रीची पावती करावी. तीत वाद्याचे नाव, क्रमांक, दोघांची नावे, रक्कम, तारीख आणि सह्या असाव्यात. क्रमांकाचे छायाचित्र जोडावे. विक्रेता व्यापारी नसून खासगी व्यक्ती असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार मिळत नाही, म्हणून तपासणी पैसे देण्याआधीच करायची असते.

विक्रेत्यांनाही गंडा घातला जातो. आपण फौजेत आहोत, बदली झाली आहे, वाद्य न पाहताच घेतो, असे सांगणारा ग्राहक एक क्यूआर कोड पाठवतो आणि पैसे मिळवण्यासाठी तो स्कॅन करून पिन टाकण्यास सांगतो. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

दिवंगत वादकाचे सामान विकण्याची वेळ आली की कुटुंब बहुधा घाईत असते, आणि याच व्यवहारात सर्वांत जास्त नुकसान होते. पतीच्या किंवा वडिलांच्या निधनानंतर महिनाभरात कुणीतरी सहकारी येतो, ‘जुनेच आहे, ठेवून काय करणार’ म्हणतो आणि केस उचलून नेतो. त्याआधी तीन गोष्टी कराव्यात. सर्व सामानाची, क्रमांकांसह, छायाचित्रे काढावीत. पेट्या, कागद, सुटे स्क्रू, जुन्या तारांची पाकिटेसुद्धा टाकू नयेत. व्यवहारात रस नसलेल्या एखाद्या वादकाकडून किंवा दुरुस्ती कारागिराकडून अंदाज घ्यावा. गोव्यात विवाहानंतरची मालमत्ता सामायिक मानण्याची पद्धत प्रचलित असल्याने हयात जोडीदाराचा निम्मा वाटा आधीच असतो आणि उरलेला वारसांकडे जातो. मौल्यवान वाद्य असेल तर मुलांच्या लेखी संमतीने विक्री केली की पुढे भावंडांत कटुता येत नाही. परदेशी संग्राहक ग्राहक निघाला तर लाकडाचाही प्रश्न असतो. रोझवूडच्या सर्व जाती २०१७पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आल्या. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९पासून सूट मिळाली, परंतु ब्राझिलियन रोझवूडवरील कडक बंधने १९९२पासून कायम आहेत, आणि साठच्या दशकातील काही फेंडरच्या फिंगरबोर्डला तेच लाकूड आहे.

सामान बेळगाव, पुणे किंवा मुंबईला खासगी बसच्या डिकीतून पाठवायचे झाल्यास तारा एखाद-दोन स्वर उतरवाव्यात, पूर्ण सोडू नयेत. हेडस्टॉकच्या खाली केसमध्ये कापडाची घडी भरावी, कारण धक्क्याने तेथेच तडा जातो. व्हॉल्व्ह अँपचे व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळावेत आणि कोणता कोठे बसतो ते चिठ्ठीवर लिहावे. निघण्यापूर्वी वाद्य वाजत असल्याचा एक छोटा व्हिडिओ काढून ग्राहकाला पाठवावा, ग्राहकानेही केस उघडतानाचा काढावा. पेडलातील बॅटऱ्या काढून घ्याव्यात.